हातानं विणलेला स्वेटर घरीच धुवायचा तर

कोल्हापुरात थंडी असून असून किती, डिसेंबर-जानेवारी, तेही सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाताना नाहीतर पन्हाळ्याला गेलं तरच स्वेटर अंगात राहतो, दुपारी काढून ठेवावाच लागतो. त्यामुळं तो धुवायची वेळ वर्षातून एकदा-दोनदाच येते आणि मग आपण तो बाकीच्या धुण्यातच टाकतो. आईनं बाबांसाठी विणलेला मरून स्वेटर मी असाच घालवला. बंबातलं कढत पाणी, मूठभर पावडर, अर्धा तास भिजवला आणि वर ब्रशनं घासला. बाहेर काढला तर बाह्या कोपरापर्यंत आलेल्या, टाके दिसेनात आणि सगळा घोंगड्यासारखा जाड झालेला. आईचा अख्खा हिवाळा गेला होता त्यात. अजून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तरच लिहितेय.

असं का होतं ते आधी बघा म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतंय. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक बारीक खवले असतात. गरम पाणी आणि साबणाचा खार लागला की ते उघडतात, आणि त्यात आपण चोळलं की एकमेकांत अडकून बसतात ते परत सुटत नाहीत. म्हणजे नुसतं भिजवून स्वेटर आटत नाही, उष्णता, खार आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलं की आटतो. त्यातलं चोळणं सगळ्यात वाईट.

आता पहिलं काम, स्वेटर खरंच लोकरीचा आहे का बघायचं. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच स्वेटर अ‍ॅक्रेलिकचे असतात. आतल्या शिवणीतला एक छोटा धागा काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटानं चुरगळली तर लोकर, वितळून काळा टणक मणी झाला तर अ‍ॅक्रेलिक. दोन्हीची भेसळ असेल तर लोकरीसारखंच जपा. अ‍ॅक्रेलिक आटत नाही, पण गरम पाण्यात सैल पडतं आणि इस्त्री टेकली की चपटं होतं, म्हणून त्यालाही गार पाणीच. लेबल असेल तर ते वाचा, पाण्याच्या टबवर फुली असेल तर घरी धुवायच्या भानगडीत पडू नका.

दुसरं, साबण. ह्याची टेस्ट आपल्या स्वयंपाकघरातच आहे. वाटीभर पाण्यात चिमूटभर पावडर विरघळवा आणि त्यात चिमूटभर हळद टाका. पाणी लालसर झालं तर त्यात खार आहे, हळदीचं कुंकू होतं ते ह्याच कारणानं. असली पावडर लोकरीला लावायची नाही. पिवळं राहिलं तर खाराची भीती नाही. तरी पाकिटावर एन्झाइम लिहिलंय का तेवढं बघा, लोकर म्हणजे प्रोटीन आणि काही एन्झाइम प्रोटीनच खातात. लोकरीसाठी इझीसारखं लिक्विड मिळतं ते चालतं, रिठ्याचं पाणी पण चालतं, फक्त पांढऱ्या स्वेटरला रिठा नको, पिवळट झाक येते. ब्लीच तर कधीच नाही, लोकर अक्षरशः विरघळते त्यात.

धुवायच्या आधी स्वेटर जुन्या पेपरवर सपाट पसरा आणि भोवतीनं पेन्सिलनं आखून ठेवा. बाह्या, गळा, खालची बॉर्डर सगळं. वाळवताना हा कागद लई कामाला येतो. मग बटणं लावून स्वेटर उलटा करा आणि आतल्या बाजूला ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातोय का बघा.

टबात पाणी असं घ्या की हात घातला तर गरमही वाटू नये आणि गारही, तीस अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नका. लिक्विड आधी पाण्यात मिसळायचं, स्वेटरवर थेट ओतायचं नाही. स्वेटर बुडवा, तळव्यानं हलकं दाबा आणि सोडा, दहा मिनिटं तसाच राहू द्या. रंग जात असेल तर भिजत ठेवू नका, लगेच खंगाळा. बडवणं नाही, ब्रश नाही, बॉर्डर मळली म्हणून तेवढीच घासणं पण नाही. खंगाळायचं पाणी तेवढंच कोमट घ्या, एकदम गार नळाखाली धरू नका. फेस संपेपर्यंत दोन-तीन पाणी लागतात. शेवटच्या पाण्यात पांढऱ्या व्हिनेगरचा एक चमचा टाकला तर राहिलेला खार जातो.

आता सगळ्यात नाजूक वेळ. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पिऊनसुद्धा हाताला कोरडी लागते, त्यावरून टबातून काढलेला स्वेटर किती जड असेल ते बघा. खांद्याला धरून उचललात की सगळा भार टाक्यांवर येतो आणि तो गुडघ्यापर्यंत लांबतो. खालून दोन्ही हात घालून गोळा उचला. पिळू नका. जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट चटईसारखी गुंडाळी करा आणि वर गुडघ्यानं सगळीकडं दाबत जा. टॉवेल चिंब झाला की दुसरा घ्या. माझ्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला दोन टॉवेल लागतात.

मग तो आखलेला पेपर काढा. त्यावर कोरडा टॉवेल टाकून कडा दिसतील असा स्वेटर मांडा, बॉर्डर हातानं गोळा करून जागेवर आणा, बाह्या सरळ करा. सावलीत, फॅनखाली. दोरीवर नाही, हँगरवर तर अजिबात नाही. संध्याकाळी पालथा करा, दीड-दोन दिवस धरून चला. आपल्याकडं जुलैत काही धुवायला जाऊ नका, आठवडा झाला तरी ओल जात नाही आणि कुबट वास बसतो. फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन कोरडं असतं तेव्हाच उरकून टाका.

तांबड्या रश्श्याचा डाग पडला तर लगेच पाणी लावू नका, तेल पसरतंय. आधी टिपकागद दाबा, मग टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा, झटका, आणि मग लिक्विडचा एक थेंब बोटानं लावून दाबत दाबत काढा. राहिलेली हळदीची पिवळी झाक उन्हात उडते, तेवढाच भाग थोडा वेळ कोवळ्या उन्हाला धरा.

आणि प्रत्येक वेळी धुवायलाच पाहिजे असं नाही. धनगर मंडळी घोंगडं कुठं सारखं धुतात, झटकून हवेशीर टाकतात, स्वेटरलाही हिवाळ्यात तेवढं पुरतं. पण कपाटात ठेवताना मात्र धुतलेलाच ठेवा, कारण कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागावरच आधी लागते. घडी घालून सुती कापडात बांधा, जुनी साडी उत्तम. डांबर गोळ्या ठेवल्या तर पुरचुंडीत बांधून, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा.

थोडासाच आटला असेल तर कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर घालून अर्धा तास भिजवा आणि त्या पेपरवर हळूहळू ओढत मापाला आणा, बऱ्यापैकी सुधारतो. पूर्ण घट्ट झालेला परत येत नाही. पण तो कापला तरी धागे सुटत नाहीत, म्हणून बाबांच्या त्या मरून स्वेटरच्या मी दोन कानटोप्या शिवल्या, पुतण्याच्या डोक्याला बसतात.