मायोइलेक्ट्रिक हात ऐकत नाही? या चुका टाळा

मायोइलेक्ट्रिक हात, म्हणजे स्नायूंच्या विद्युत संकेतावर मोटरने चालणारा कृत्रिम हात, अडला की पहिला संशय मोटरवर जातो. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. घोळ असतो कातडी आणि तिच्यावरून संकेत टिपणारे इलेक्ट्रोड यांच्यामध्ये.

कोपराखालच्या हातात साधारणपणे दोन इलेक्ट्रोड असतात. मनगट आत वळवणाऱ्या स्नायूंवरच्या इलेक्ट्रोडने पंजा मिटतो, बाहेर वळवणाऱ्यांवरच्याने उघडतो. स्नायूंचा हा विद्युत संकेत जेमतेम मिलिव्होल्टच्या घरातला. त्यामुळे आंघोळीनंतर खोबरेल तेल चोळून किंवा घामोळ्यांची पावडर मारून सॉकेट (उरलेल्या हातावर बसणारा कृत्रिम हाताचा पोकळ भाग) चढवलं, की संकेत अडलाच म्हणून समजा. तेल-पावडर रात्री, हात काढल्यावर. थंडीत कातडी कोरडी पडली तर इलेक्ट्रोडच्या जागी ओलं बोट फिरवा. मे महिन्यात उलटा त्रास: घामाने सॉकेट सरकतं. दुपारी एकदा काढून पुसायचा कंटाळा नको.

काढण्याआधी बटण बंद करायचं मात्र हमखास राहून जातं. मग टेबलावर ठेवलेला पंजा आपोआप उघडमीट करतो आणि घरातले दचकतात. भूतबित काही नाही. कातडीपासून सुटलेले इलेक्ट्रोड आसपासच्या वायरिंगमधला 50 हर्ट्झचा गोंगाट पकडतात आणि हात त्यालाच हुकूम समजतो. अंगावर असताना असं झालं, तर सॉकेट सैल झालंय का ते आधी बघा. वजन उतरलं की होतं असं. कापडाच्या पट्ट्या कोंबू नका, इलेक्ट्रोडच झाकला जातो.

पंजा मिटेना म्हणून दात-ओठ खाऊन जोर लावणं ही नवशिक्यांची खास सवय. त्यात दोन्ही स्नायू एकदम आवळले जातात आणि अनेक हातांत पकड किंवा मनगट बदलायची खूण नेमकी तीच असते. पेला धरायला जावं तर मनगटच फिरतं! अशा वेळी स्नायू सैल सोडा, दम घ्या, मग हलकेच आवळा. अनेक हातांची पकड 90 ते 100 न्यूटनपर्यंत जाते, म्हणजे नऊ-दहा किलोंच्या वजनाइतकी. आणि बोटांना स्पर्श कळत नाही. चहाचा कागदी कप बघतच धरा. सुरुवातीचे काही चुरगळणारच.

पंजावरच्या पीव्हीसीच्या ग्लोव्हवर, म्हणजे आवरणावर, हळद किंवा शाई बसली की निघत नाही. स्वयंपाकात वरून साधा रबरी हातमोजा घाला.

सॉकेटचे लाल वळ अर्ध्या तासात गेले नाहीत, कातडी सोलवटली किंवा बॅटरी फुगली, तर वापर थांबवा. सॉकेट कानशीने घासत बसू नका. प्रोस्थेटिस्टकडे, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे, जा आणि हात कोणत्या वेळी, काय करताना अडतो ते लिहून न्या.