बारीक डोळा दिसला म्हणजे जनुक सापडलं असं नाही

उंदराच्या भ्रूणात डोळा कसा घडतो, यावर पीएचडी सुरू करणाऱ्यांसाठी लिहितेय. ऑप्टिक व्हेसिकल (मेंदूतून फुगून आलेला डोळ्याचा कोंब), लेन्स प्लॅकोड (बाहेरच्या थरातला लेन्स होणारा जाड भाग), पॅक्स६ (डोळा घडवणारं जनुक) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते. मला बोलायचंय ते कंट्रोलबद्दल, म्हणजे म्युटंट ज्याच्याशी ताडून बघायचा त्या भावंडाबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

लेन्समधलं जनुक बंद करायचं म्हटलं की अनेक लॅबमध्ये ले-क्री उंदीर पुढे येतो. क्री म्हणजे जनुकाचा खुणा लावलेला तुकडा कापून काढणारं एन्झाइम, आणि जनुकाची अशी खुणा लावलेली प्रत म्हणजे फ्लॉक्स. पॅक्स६च्याच नियंत्रक तुकड्यावर चालणारा हा क्री साधारण नवव्या दिवशी डोक्याच्या बाहेरच्या थरात, जिथून लेन्स होणार तिथे सुरू होतो. रेटिनाला धक्का लागत नाही, म्हणून सगळ्यांचा लाडका. क्रॉसही ठरलेला: नराला क्री आणि एक फ्लॉक्स, मादीला दोन्ही फ्लॉक्स. चारांत एक पिल्लू म्युटंट, म्हणजे क्री आणि दोन्ही फ्लॉक्स असलेलं.

आता कागद घ्या आणि या क्रॉसमधून निघणारे प्रकार लिहून काढा. मनात नको, कागदावरच. क्री आहे पण फ्लॉक्स एकही नाही, असं पिल्लू सापडतंय का? सापडणार नाही, कारण आई प्रत्येकाला एक फ्लॉक्स देतेच. म्हणजे नुसत्या क्रीने डोळ्याचं काय होतं, हे दाखवणारं भावंड त्या वेतात जन्मालाच येत नाही.

आणि नुसता क्री निरुपद्रवी नाही. काही जनुकीय पार्श्वभूमींवर ले-क्रीची एकच प्रत असलेल्या उंदरांचे डोळे लहान राहतात, लेन्स बिघडते, तेही एकही फ्लॉक्स नसताना. हे २०१४ साली छापून आलंय. मी ते वाचलं तेव्हा माझे स्लाइडचे डबे भरलेले होते.

मग क्री आणि एक फ्लॉक्स असलेलं भावंड कंट्रोल धरायचं का? जनुक पॅक्स६ असेल तर मुळीच नाही. स्मॉल आय उंदरात पॅक्स६ची एकच प्रत निकामी असते, तेवढ्याने डोळे लहान होतात. माणसात एक प्रत गेली की आयरिस नीट बनत नाही, तोच ॲनिरिडिया. उलट उंदरात जादा प्रती घातल्या तरी डोळा लहानच! त्यात सी५७ ब्लॅक ६ वाणात कुठलाही बदल न करता अधूनमधून एखादा डोळा बारीक किंवा गायब असतो. माद्यांमध्ये जास्त, उजव्या बाजूला जास्त. डोळा कशानेही बिघडो, बाहेरून तो बारीकच दिसतो. म्हणून प्रत्येक भ्रूणाचं लिंग, आणि डावा डोळा की उजवा, हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहा.

उपाय साधा आहे, पण महाग. नर-मादी दोघांनाही एकेकच फ्लॉक्स ठेवा. आठांत एक पिल्लू नुसत्या क्रीचं मिळेल. मात्र म्युटंटही आठांत एकच. पिंजरे वाढतात, खर्च वाढतो, म्हणून लोक टाळतात. "कंट्रोल नंतर बघू" म्हणणारा गाईड कितीही नावाजलेला असो, या एका बाबतीत त्याचं ऐकू नका. माझ्या मते ॲनिमल हाऊस सांभाळणाऱ्या दादांशी रोज दहा मिनिटं बोलणारा विद्यार्थी कुठल्याही वर्कशॉपपेक्षा जास्त शिकतो. कुठल्या जोडीची पिल्लं नेहमी लहान निघतात, हे त्यांना पाठ असतं.

बाकीचं जमतं, खरंच जमतं. सुरुवातीला साडेनऊ दिवसांचा भ्रूण चिमट्यात धरतानाच फाटेल, ब्लॉक तिरका बसेल, एका बाजूच्या सेक्शनमध्ये लेन्स प्लॅकोड येईल आणि दुसऱ्या बाजूला नुसतं डोकं. घाबरू नका, हात बसतो. फक्त वय प्लगच्या (मादीत दिसणाऱ्या मिलनाच्या खुणेच्या) तारखेवरून ठरवू नका. एकाच वेतातली भावंडंही पुढेमागे असतात. स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली भ्रूण कुशीवर ठेवा, प्रकाश तिरका पाडा आणि पाठीवरचे सोमाइट (कण्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने दिसणारे गोळे) मोजा. साडेनऊला ते साधारण २१ ते २९ असतात. सोमाइट जुळणाऱ्या भावंडांचीच तुलना करा, नाहीतर नुसता मागे पडलेला भ्रूण म्युटंट वाटेल.

आणि हा आठांत एकचा हिशेब ॲनिमल एथिक्स कमिटीच्या अर्जातच मांडा. नुसत्या क्रीच्या कंट्रोलसाठी किती उंदीर लागतील आणि का, ते वेगळ्या परिच्छेदात लिहा. एकदा कमी संख्येला मंजुरी मिळाली की वाढवून घ्यायला पुढच्या बैठकीची वाट बघावी लागते, आणि तोवर माद्यांचं वय उलटून जातं.