तारेच्या कुंपणाचा सिमेंटचा खांब टिकावा म्हणून

कुंपणाचा सिमेंटचा खांब बहुधा ओझ्याने मोडत नाही. आतली सळई गंजून फुगते, काँक्रीटला उभी भेग पडते आणि तिथूनच त्याच्या खपल्या निघू लागतात. म्हणून साच्यात सळयांखाली सिमेंटचेच छोटे ठोकळे लावून चारही बाजूंनी किमान 25 मिलिमीटर काँक्रीट राहील असे पाहावे. कोकणच्या खाऱ्या हवेत त्याहूनही जास्त ठेवावे. तारेचा ताण खांबाला वाकवतो, त्यामुळे सळया मधोमध नव्हे, तर चार कोपऱ्यांजवळ हव्यात. मिश्रण सैल व्हावे म्हणून पाणी वाढवू नये. तो मोह फार महागात पडतो. ओतल्यानंतर ओल्या गोणपाटाखाली निदान 7, शक्यतो 14 दिवस खांब भिजत ठेवावेत. कोपऱ्यातल्या खांबांना तिरका टेकू द्यावाच.