जुन्या स्कॉर्पिओ-सफारीचा ईसीएम बदलताय? या चुका टाळा

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण चालू होत नाही. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा पेटतच नाही. स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर गाडीशी बोलणंच होत नाही. दहा-पंधरा वर्षं वापरलेली एमहॉक इंजिनची स्कॉर्पिओ किंवा डायकोर इंजिनची सफारी अशी उभी राहिली की गॅरेजमध्ये निकाल फार लवकर लागतो: "ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, बदलावा लागेल." आणि मालकापुढे हजारोंचा आकडा येतो.

ईसीएम खरंच जातात, यात वाद नाही. पण तो डबा सहसा आपणहून मरत नाही. त्याला मारणारं काहीतरी त्याच गाडीत असतं, आणि ते सापडण्याआधी नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. कित्येकदा तर जुना मेलेलाच नसतो, त्याच्यापर्यंत वीज पोचत नसते. म्हणून बदलण्याच्या चुकांइतक्याच तपासणीच्या चुका महत्त्वाच्या आहेत.

पहिली चूक: वीज न तपासता ईसीएमवर खापर फोडणे

ईसीएमला तीन गोष्टी लागतात: बॅटरीचा कायमचा प्लस, मेन रिलेतून (विजेवर चालणाऱ्या मुख्य स्विचमधून) येणारा प्लस आणि चांगली अर्थिंग. यातली एक जरी तुटली तरी लक्षणं हुबेहूब मेलेल्या ईसीएमसारखी दिसतात.

सुरुवात बॅटरीपासून करा. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा. मग मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. जुन्या गाड्यांत ही पट्टी बाहेरून धड दिसते आणि नटाखाली गंजलेली असते.

त्यानंतर ईसीएमच्या कपलरवरची (वायरी जिथे जोडतात त्या सॉकेटवरची) वीज तपासायची, आणि इथे मल्टिमीटर फसवतो. दहा धाग्यांच्या वायरीत एकच धागा शिल्लक असला तरी मीटर छान १२ व्होल्ट दाखवतो. त्या धाग्यातून ईसीएमला लागणारा करंट मात्र जात नाही. म्हणून ईसीएमचा कपलर काढून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला, वायरिंग डायग्राममध्ये बघून प्लस आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब भगभगीत पेटला पाहिजे. मिणमिणता पेटला तर दोष वायरिंगमध्ये आहे. यात एक खाच लक्षात ठेवा: मेन रिले ओढण्याचं काम ईसीएमच करतो. कपलर काढल्यावर रिले लागणारच नाही, म्हणून त्या तारेवर वीज दिसणार नाही. रिले उपटून त्याच्या सॉकेटात ३० आणि ८७ नंबरच्या घरांमध्ये तेवढ्यापुरती जोडतार घाला आणि मग बल्ब लावून बघा. हे माहीत नसल्यामुळे धडधाकट वायरिंग उगाच उसवलं जातं.

बल्ब फक्त प्लस आणि अर्थिंगच्या पिनांवरच लावायचा, तोही ईसीएम सुटा असताना. सेन्सरच्या तारांना बल्ब टेस्टर टोचणं म्हणजे असलेला ईसीएम घालवणं. मल्टिमीटरची जाड टोकं कपलरच्या घरांत खुपसू नका, घरं फाकतात आणि पुढे आयुष्यभर लूज कनेक्शन छळत राहतं.

दुसरी चूक: "इतके सेन्सर एकदम जातील कसे?"

स्कॅनरने रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीतला दाब), एक्सलरेटर पेडल, टर्बो बूस्ट अशा चार-पाच सेन्सरचे कोड एकदम दाखवले की मेकॅनिक म्हणतो, सगळे सेन्सर एकाच वेळी जात नाहीत, म्हणजे ईसीएमच गेला. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. पण हे सेन्सर ईसीएमकडून ५ व्होल्टचा पुरवठा घेतात, आणि एकेका पुरवठ्यावर अनेक सेन्सर असतात. त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला, किंवा त्याची वायर ब्रॅकेटला घासून उघडी पडली, की ते ५ व्होल्ट बसतात आणि त्या लाइनवरचे सगळे बोंब मारतात. काही गाड्यांत तर यामुळे स्कॅनरही जोडला जात नाही.

तपासायला सोपं आहे. एका सेन्सरच्या कपलरवर मीटर लावून ठेवा, चावी ऑन करा आणि बाकीचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर निघताच मीटरवर ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सर किंवा त्याची वायर हा दोषी. सगळे काढूनही आले नाहीत, वायरिंगही निर्दोष निघालं, तर मग ईसीएमवर संशय घ्या.

पी०६०१, पी०६०५, पी०६०६ हे कोड ईसीएमच्या आतल्या बिघाडाकडे बोट दाखवतात. तेही आधी चार्ज केलेल्या बॅटरीवर पुसून परत येतात का ते पाहावं.

तिसरी चूक: मारेकरी मोकळा सोडणे

ईसीएम खरंच गेला आहे असं ठरलं, तर नवा आणायच्या आधी तो कशाने गेला हे शोधा.

इंजेक्टरची कॉइल शॉर्ट झाली की ईसीएममधला तिला चालवणारा भाग जळतो. चारही इंजेक्टरांचा रेझिस्टन्स मोजा. सोलेनॉइड इंजेक्टरचा रेझिस्टन्स एका ओहमच्याही खाली असतो, आणि मीटरच्या तारांचा स्वतःचाच ०.२-०.३ ओहम त्यात मिसळतो. त्यामुळे आकड्यापेक्षा चौघांची आपसांत तुलना करा. एक वेगळा दिसला, किंवा कॉइल इंजेक्टरच्या बॉडीशी जोडलेली दाखवली, तर तो आधी बदला. हे सगळं इंजिन बंद ठेवून, कपलर काढूनच करायचं. चालू इंजिनात रेलमधलं डिझेल १००० बारच्या वर असू शकतं, तिथला पाइप ढिला करणं जिवावर बेतू शकतं.

अल्टरनेटर १५ व्होल्टच्या वर चार्ज करत असेल तर रेग्युलेटर गेलाय. कॅरियर, बंपर किंवा चॅसिसला वेल्डिंग केलं असेल आणि तेव्हा बॅटरी काढली नसेल, तर तेही कारण असू शकतं. जंपर केबल उलटी लागली होती का, हेही मालकाला सरळ विचारा.

आणि पाणी. ईसीएम डॅशबोर्डखाली असेल तर काचेच्या रबरातून किंवा एसीच्या तुंबलेल्या नळीतून आलेलं पाणी त्याच्यापर्यंत जातं. बॉनेटखाली असेल तर प्रेशरने इंजिन धुणं नडतं. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने उभ्या गाडीचे कपलर उघडून बघा, पिनांवर हिरवट थर असतोच. हिरव्या पिनांवर नवा ईसीएम बसवण्यात काही अर्थ नाही. उंदरांनी कुरतडलेल्या वायरींचंही तेच. नुसती काळी टेप गुंडाळलेला जोड दिसला तर तो उघडा, सोल्डर किंवा नीट क्रिंप करा आणि त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

चौथी चूक: गाडी तीच, म्हणजे डबा तोच

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठल्याही भंगार बाजारात "स्कॉर्पिओचा ईसीएम" मागितला की मिळतो. पण मॉडेलच्या नावावर ईसीएम घेऊ नका. स्टिकरवरचे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरचे दोन्ही नंबर जुळवा.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. १ एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत प्रदूषणाचं बीएस४ मानक लागू झालं, बाकीकडे त्याच वर्षी बीएस३ आलं, आणि देशभर बीएस४ सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे एमएच १२ (पुणे) आणि एमएच ११ (सातारा) पासिंगच्या, एकाच वर्षाच्या, दिसायला जुळ्या गाड्यांचे ईसीएम वेगळे असू शकतात. चुकीचा बसला तर गाडी कदाचित चालू होईलही, पण धूर, कमी पिकअप आणि न विझणारा दिवा मागे लागेल. जुना ईसीएम घेताना पक्कं बिल मागा. बिल न देणाऱ्याकडचा माल चोरीच्या गाडीचा निघू शकतो.

पाचवी चूक: जुना ईसीएम एक्स्चेंजमध्ये देऊन टाकणे

ही चूक सगळ्यात महाग पडते. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत त्या यंत्रणेशी जुळणारी ओळख जुन्या ईसीएममध्ये साठवलेली असते. इंजेक्टरचे कोड, चेसिस नंबर हेही तिथेच. डबा जळला तरी आतली मेमरी पुष्कळदा वाचता येते, आणि ती त्याच नंबरच्या दुसऱ्या ईसीएममध्ये उतरवली, म्हणजे क्लोन केली, तर चाव्या पुन्हा जुळवायची गरज सहसा पडत नाही. जुना डबा हातचा गेला तर हा रस्ता बंद. मग मूळ चाव्या, गाडीची कागदपत्रं आणि कंपनीचा स्कॅनर यांवाचून इलाज नाही. गाडी सुरू होऊन चार दिवस नीट चालेपर्यंत जुना ईसीएम कुणालाही देऊ नका.

दुरुस्तीला देणार असाल तर डबा परत कशाने सील करणार हे विचारा. आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं साधं सिलिकॉन आतलं तांबं खातं. न्यूट्रल सिलिकॉनच हवं.

बसवताना आणि बसवल्यावर

चावी बंद केल्याबरोबर बॅटरी काढू नका. मेन रिले त्यानंतरही थोडा वेळ लागलेला असतो आणि त्या वेळात ईसीएम आपली माहिती साठवत असतो. पाच मिनिटं थांबा, मग निगेटिव्ह काढा.

प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावायला सांगा. मधेच व्होल्टेज पडलं तर नवा डबाही अर्धवट सॉफ्टवेअर घेऊन अडकतो.

क्लोन केलेला नसेल तर प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड ज्या-त्या सिलिंडरला भरावा लागतो. ही पायरी वगळली की गाडी सुरू होते, म्हणून काम झालं असं वाटतं. पण आयडलला थरथरते, ठोकते, धूर टाकते, आणि मग दोष विनाकारण इंजेक्टरवर जातो. इंजेक्टर बघताना त्या कोडांचे फोटो सिलिंडरच्या क्रमाने काढून ठेवा. काम झाल्यावर बिघाडाचे सगळे कोड पुसून, घाटात किंवा हायवेवर लोड देऊन एक फेरी मारा आणि स्कॅनर पुन्हा लावा. गरम इंजिनावर परत आलेला कोड गॅरेजवाल्याला तिथेच दाखवा, पैसे चुकते करण्याआधी.