गॅस नसलेल्या खोलीतला भात

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. वरच्या दोन खोल्या मी शिकायला आलेल्या मुलींना देते. सिलिंडर वर न्यायचा नाही ही माझी अट, म्हणून मायक्रोवेव्ह मीच ठेवून दिलाय. जूनमध्ये नवी मुलगी आली की चार-सहा दिवसांत जिन्यावरून हाक येतेच: "काकू, भात उतू गेला!" मग तोंडी जे सांगते ते एकदाचं लिहून काढलं.

आधी भांडं. मायक्रोवेव्हचा राईस कुकर म्हणून मिळतो तो प्लास्टिकचा उभट डबा. आत भोकं पाडलेली चकती, वर खटक्यांचं झाकण, झाकणाला वाफ जायची खिडकी, आणि बऱ्याच भांड्यांसोबत भाजी वाफवायला जाळीची टोपली. तळाशी त्रिकोणात 5 हा आकडा आणि मायक्रोवेव्हची खूण बघून घ्या. 5 म्हणजे पॉलिप्रोपिलीन. विजेवरच्या राईस कुकरमधलं ॲल्युमिनियमचं भांडं यात चालत नाही, एका मुलीच्या आईने तेच बांधून दिलं होतं.

खटके बघून पोरींना वाटतं हा छोटा प्रेशर कुकर. तसं नाही. खटके झाकण हलू नये एवढ्यासाठीच असतात, आत दाब धरला जात नाही, आणि खिडकी बंद करायची नाही. शिट्टीच्या कुकरात दाबामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून तिथे भात पटकन होतो. इथे पाणी उकळतं तेवढ्यावरच थांबतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे ते 98 अंशांच्या जवळपास उकळतं. म्हणजे मायक्रोवेव्हमधला भात झटपट होतो हे डोक्यातून काढून टाका. पातेल्यात लागतो जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. फायदा इतकाच की समोर उभं राहावं लागत नाही, आणि खाली काही करपत नाही.

फुल पॉवरचं काम पाणी उकळेपर्यंत. उकळी आल्यावर कितीही जोर लावा, पाणी त्याहून गरम होत नाही, फक्त फेस जास्त येतो. दाणा आपल्याच वेगाने पाणी पितो. उतू गेलेल्या भातामागे बहुतेक वेळा कारण एकच असतं: सगळा वेळ फुल पॉवर.

आता माप. मेजरिंग कपाने एक कप तांदूळ, म्हणजे अंदाजे 200 ग्रॅम, दोघींना पोटभर होतो. तीन पाण्यांत धुवा. पहिलं पाणी दुधासारखं येतं ती वरवरची पिठी, आणि फेस तीच करते. धुतल्यावर वीस मिनिटं भिजत ठेवा. कॉलेजमधून आल्या आल्या भिजत टाकायचा आणि मग हातपाय धुवायचे, एवढी सवय लागली तरी पुरे. भिजवलेलं पाणी काढून टाकून शिजवायचं पाणी मोजून नवं घाला.

पाणी तांदळावर ठरतं. जुना कोलम असेल तर एका कपाला सव्वादोन कप. बासमती भिजवलेला असेल तर पावणेदोन. इंद्रायणीला दोन कप, आणि दिवाळीनंतर घोटीच्या गिरणीवरून नवा आणलेला असेल तर पावणेदोनच, नाहीतर गिचका होतो. इगतपुरी, त्र्यंबककडे हा भरपूर पिकतो, म्हणून आमच्याकडे रोजचा तोच. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोरावरून 1987 साली काढलेलं हे वाण, वास आणि चिकटपणा दोन्ही तिकडून आलेलं. मोकळा फडफडीत भात हवा असेल तर इंद्रायणीच्या नादी लागू नका, त्याचा तो स्वभावच नाही. पण मेतकूट, तूप आणि आसट भात हवा असेल तर त्याच्यासारखा दुसरा नाही.

तांदूळ आणि पाणी मिळून भांड्याच्या निम्म्याच्या वर जाऊ नये. तांदूळ फुगून तिप्पट होतो आणि वर फेसाला जागा लागते. पाव चमचा तूप किंवा तेल टाका, फेस बसायला मदत होते. मीठ घालून ढवळा. आतली चकती, वरचं झाकण, खटके लावा, खिडकी उघडी. खाली एक काचेची ताटली ठेवली तर थोडं ओघळलं तरी फिरती थाळी खराब होत नाही.

वेळ ठरवायच्या आधी मायक्रोवेव्हच्या मागचं स्टिकर वाचा. त्यावर वॅटचे दोन आकडे असतात. मोठा आकडा भिंतीतून ओढली जाणारी वीज, लहान आकडा जेवणाला मिळणारी. आपल्याला लहानच बघायचा. आमचा 800 वॅटचा आहे, खालचे आकडे त्याचे. 700 चा असेल तर फुल पॉवरवर मिनिटभर जास्त द्या.

फुल पॉवरवर साडेपाच ते सहा मिनिटं. काचेतून बघा, खिडकीतून वाफ जोरात येऊ लागली आणि भोकांतून बुडबुडे दिसले की उकळी आली. मग पॉवरचं बटण दाबून 50 टक्क्यांवर आणा आणि बारा मिनिटं लावा. बहुतेक साध्या मशीनमध्ये 50 टक्के म्हणजे कमी जोर नव्हे. मशीन पूर्ण जोरात चालतं, थांबतं, पुन्हा चालतं. घरघर बदलते ती ऐकू येते. बंद असतं त्या वेळात फेस खाली बसतो, म्हणूनच उतू जात नाही. बटण कुठलं ते सापडत नाही असं सांगणाऱ्या मुली खूप भेटल्यात, असतं प्रत्येक मशीनवर, फक्त दाबलेलं नसतं.

बारा मिनिटं झाली की भांडं बाहेर काढा, टॉवेलात गुंडाळा आणि दहा मिनिटं झाकण उघडू नका. वरच्या दाण्यांना वाफ याच वेळात पुरते. या दहा मिनिटांत मशीन रिकामं असतं, म्हणजे भाजीची वेळ. दहा मिनिटांनंतर झाकण स्वतःपासून लांबच्या बाजूने उचला, पहिली वाफ मनगट भाजते. दाणा बोटांत चेपून बघा. मध्ये कणी लागली तर दोन चमचे पाणी शिंपडा, झाकून 50 टक्क्यांवर आणखी दोन मिनिटं. खाली पाणी राहिलं असेल तर झाकण न लावता मिनिटभर.

भाज्या. मुली टोपली भाताच्या वर ठेवून एकदमच लावायला बघतात. होतं, पण मला पटत नाही. जेवढा माल आत, तेवढी मशीनची ताकद वाटली जाते, मग भात कच्चट आणि फ्लॉवर लगदा. वेळ नसेल तर 50 टक्क्यांच्या शेवटच्या पाच मिनिटांत टोपली वर ठेवा आणि दोन मिनिटं वाढवा, तेही मटार किंवा कोवळी फरसबी असेल तरच. नाहीतर भात टॉवेलात असताना काचेच्या वाडग्यात भाजी घ्या, वर काचेची ताटली झाका.

वाफवायला पाणी फार थोडं लागतं. पाव किलो भाजीला तीन-चार चमचे. भाजी बरीचशी स्वतःतल्याच पाण्यावर शिजते, पालकाला तर धुतल्यावर पानांना राहिलेलं पाणी पुरतं. फुल पॉवरवर पाव किलोला: पालक दोन मिनिटं, मटार तीन-चार, फ्लॉवर आणि लाल भोपळा चार-पाच, गाजर पाच, फरसबी सहा, तोंडली उभी चिरून सात. मध्ये एकदा हलवा. झाल्यावर दोन मिनिटं झाकूनच ठेवा. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारातून आणलेली ताजी भाजी लवकर होते, फ्रिजमध्ये आठवडाभर पडलेल्या गाजराला मिनिटभर जास्त.

तुकडे सारखे चिरा, यात आळस करू नका. मायक्रोवेव्हच्या लहरी भाजीत दोन-तीन सेंटीमीटरच आत पोचतात, पुढची उष्णता आपसूक सरकत जाते, म्हणून जाड तुकडा मध्ये कच्चा राहतो. फ्लॉवरचे दांडे बाहेरच्या कडेला आणि तुरे मध्ये ठेवा, कडेला जास्त तापतं. मीठ शेवटी. आधी वर भुरभुरवलं तर त्या जागी भाजी चामट होते. अख्खा बटाटा किंवा रताळं असेल तर काट्याने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं. कवचासकट अंडं तर कधीच नाही.

आणि फोडणी या डब्यात करायची नाही. पाणी आहे तोवर आत सगळं शंभर अंशांच्या खाली राहतं, म्हणून प्लास्टिक टिकतं. तेलाला अशी मर्यादा नाही, ते तापत जातं आणि पॉलिप्रोपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळतं. साखरेचा पाकही त्याच कारणाने नको. फोडणीशिवाय भाजी कशी खायची म्हणून तोंड वाकडं करू नका. वाफवलेल्या फरसबीवर दाण्याचं कूट, लिंबू, मीठ, चमचाभर कच्चं शेंगदाणा तेल आणि घरून आलेली लसणाची चटणी घालून बघा. भोपळ्यावर दही आणि मिरपूड. माझ्याकडून फोडणी हवीच असेल तर खाली वाटी घेऊन या, कढई तापलेली असते तेव्हा देते.

उरलेला भात रात्रभर डब्यात ओट्यावर ठेवू नका. भातातले काही जीवाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. ताटलीत पसरून निववा आणि तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये टाका, उन्हाळ्यात तर तासाभरातच. दुसऱ्या दिवशी वर चमचाभर पाणी शिंपडून, झाकून, वाफा येईपर्यंत गरम करा. तेही एकदाच.

हळदीने डबा पिवळा झाला तर घासून चरे पाडू नका. धुऊन गच्चीवर उन्हात उपडा ठेवा, एप्रिलमध्ये दोन दुपारींत डाग फिका होतो. आतल्या चकतीची भोकं मात्र दर वेळी जुन्या टूथब्रशने साफ करा, पिठी वाळून ती बुजली की पुढच्या वेळी भात उतू जाणारच.