पोलीस ठाण्यात माणूस आजारी पडला तर घरचे करतात त्या चुका

"आम्हाला कोणी सांगितलंच नाही." कोठडीत उपचारावाचून कोणाचं बरंवाईट झालं की पोलिसांचा पहिला बचाव हाच असतो. तो खोडायला कागद लागतो, आणि खेड्यातून ठाण्यावर धावत आलेल्या घरच्यांकडे नेमका तोच नसतो.

सगळ्यात महागात पडते ती गोळ्या देतानाची चूक. "भाऊ, याले सिकलसेल हाय, गोया देजा त्याले," असं म्हणत पुडी शिपायाच्या हातात ठेवायची आणि शेवटची एसटी गाठायची. रात्री ड्युटी बदलते, पुडी खणातच राहते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण भरपूर. मे महिन्याच्या उकाड्यात अंगातलं पाणी कमी झालं तरी त्यांच्या हाडांत असह्य कळा सुरू होऊ शकतात. म्हणून साध्या कागदावर ठाणेदाराच्या नावे अर्ज करा: आजार, गोळीचं नाव, वेळा, शेवटची गोळी कधी घेतली. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, तारखेसोबत वेळही टाकून मागा. पोच देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी एसपी ऑफिसला ई-मेल करा. ताब्यातल्या माणसाच्या प्रकृतीची वाजवी काळजी घेणं हे ताब्यात ठेवणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 56 सांगतं. 1 जुलै 2024 पूर्वी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 55-अ होतं.

"मेडिकल झालं" म्हटलं की निर्धास्त होऊ नका. अटकेनंतरची तपासणी म्हणजे उपचार नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 प्रमाणे तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या माणसाला मिळते, ती मागा. डी. के. बसू प्रकरणात (1996) सुप्रीम कोर्टाने कोठडीत दर 48 तासांनी तपासणी सांगितली आहे. रोज पिणारा माणूस अटकेच्या दिवशी ठीक दिसतो. दारू तुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, भ्रम, झटके येतात आणि ठाण्यात ते नाटक वाटतं. घरचे लाजेने, दारूबंदीच्या जिल्ह्यात तर भीतीनेही, हे लपवतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मॅजिस्ट्रेटसमोर गप्प राहणं ही आणखी एक चूक. 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, तिथे उभं करावंच लागतं. तक्रार आहे का विचारलं की मागे उभ्या शिपायाकडे बघून मान हलते, आणि पुढे तेच "तक्रार नाही" सगळ्यांना पुरतं. वकिलामार्फत उपचारासाठी लेखी अर्ज द्या. त्यावरचा हुकूम रेकॉर्डवर राहतो. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 वर फोन करा; अटकेतल्या माणसाला मोफत वकील मिळतो.

मृत्यू झालाच, तर गावातली "मिटवून टाका" मंडळी लगेच हजर होतात. न वाचलेल्या कागदावर सही करू नका. पोलीस कोठडीतल्या मृत्यूची त्याच संहितेच्या कलम 196 खाली न्यायदंडाधिकारी चौकशी करतात. शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यायचं असतं. ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज 18 महिने जपण्याचा सुप्रीम कोर्टाचा 2020 चा आदेश आहे, तरी ते राखून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका. दोषींवरच्या खटल्याची वाट न पाहता नुकसानभरपाईसाठी नागपूर खंडपीठात जाता येतं. मानवी हक्क आयोगाची मुदत मात्र घटनेपासून एक वर्षाची.