ब्रेल पाटीवर अक्षरं उलटी नसतात

ब्रेल पाटी, म्हणजे अंधांची उठावाच्या टिंबांची लिपी हातानं लिहायची घरांची पट्टी, शिकताना पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगतं, ‘लिहिताना अक्षरं उलटी काढायची.’ हे ऐकू नका. उजवीकडून डावीकडे लिहायचं, एवढंच खरं. स्टायलस, म्हणजे हातातला टोच्या, कागद खालच्या खळग्यात दाबतो, टिंब मागच्या बाजूला उठतं, म्हणून वाचायला कागद पलटायचा. पण त्यासाठी उलट्या अक्षरांचा वेगळा तक्ता पाठ केलात, तर वेग आला की दोन्ही तक्ते एकमेकांत घुसतात.

एका अक्षराच्या घरात सहा टिंबांच्या जागा असतात; वाचताना डाव्या रकान्यात वरून खाली १, २, ३ आणि उजव्यात ४, ५, ६. ‘ह’ म्हणजे १-२-५ आणि ‘ज’ म्हणजे २-४-५. आरशात धरलं तर एकाचं दुसरं होतं. लिहायचं असतं ‘हात’, कागदावर येतं ‘जात’. ए-इ, न-ड, र-ठ या जोड्याही अशाच. शब्द अर्थपूर्ण निघाला की चूक हाताला कळतही नाही.

उपाय आकड्यांचा आहे. हात ज्या रकान्याशी आधी पोचतो तो पहिला: वरून खाली १, २, ३. पुढचा ४, ५, ६. लिहिताना पहिला रकाना उजवीकडे येतो, वाचताना डावीकडे, क्रम तोच. ‘र’ काढताना मोठ्यानं म्हणा: एक, दोन, तीन, पाच. चित्र डोळ्यांसमोर आणूच नका. पंधरवडाभर हे कंटाळवाणं वाटेल, बोटंही दुखतील. तसं सगळ्यांचंच होतं, घाबरू नका.

ब्रेलच्या आधी शार्ल बार्बिए यानं टिंबांची लिपी केली होती. तिच्यात एका घरात १२ टिंबांपर्यंत जागा होती, ती एका बोटाखाली मावत नसे. लुई ब्रेलनं घर ६ टिंबांचं केलं. १८२९च्या पुस्तकात टिंबांबरोबर रेघाही होत्या. १८३७च्या आवृत्तीत त्या गेल्या. पाटीवर एकदा रेघ उठवून बघा, कारण हातालाच कळेल.

पर्किन्स ब्रेलर, म्हणजे ब्रेलचं टंकयंत्र, १९५१चा. त्यावर अक्षर सरळ आणि डावीकडून उमटतं, म्हणून काही शिक्षक त्यावरच सुरुवात करून देतात. मला हा आडरस्ता वाटतो. ते यंत्र पाच किलोंच्या आसपास भरतं. पाटी दप्तरात मावते.

कागद जाड हवा, १२० ते १४० जीएसएम. झेरॉक्सचा कागद फाटतो. स्टायलस उभा धरा, तिरका गेला की टिंबाचं टोक फुटतं. डाव्या हाताचं बोट पुढच्या घरावर ठेवा. चार ओळी संपल्या की कागद वर सरकवून खालच्या पिनांची भोकं वरच्या पिनांत बसवा, नाहीतर पुढच्या ओळी वाकड्या जातात. चुकलेलं अक्षर खरवडू नका, त्याच घरात सहाही टिंबं मारा आणि पुढे चला.